मावशीची तासांची पाटी

माझी मावशी पाण्याच्या पंपाच्या मोटारी रिवाइंड करते. जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची गुंडाळायची, वार्निश सुकवायचं, की मोटार तयार. पण ती लगेच हातात मिळेल तर शपथ. मावशी ती दुकानातच बहात्तर तास फिरवत ठेवते आणि भिंतीवरच्या पाटीवर खडूने तास लिहिते. मधूनच लांब पेचकसाचं टोक मोटारीला टेकवून मूठ कानाला लावते आणि आतली बेअरिंग ऐकते.

"मावशी, द्या की आता. घरात पाण्याचा थेंब नाही," गिऱ्हाईक कुरकुरतं.

"पहिले तीन दिवस टिकली तर मग वर्षानुवर्षं माझं तोंड बघायला नको. जळायचीच असेल तर इथे जळू दे."

मी कारखान्यात यंत्रांच्या बिघाडाचे आलेख काढतो. एकदा तिला एक दाखवला : सुरुवातीला उंच, मध्ये सपाट, शेवटी चढता.

"एवढ्यासाठी चार वर्षं कॉलेजात गेलास?"

मी म्हटलं, माणसाच्या मरणाचंही थोडंफार असंच. पहिला दिवस, पहिला महिना मोठ्या धोक्याचा. दहाव्या वर्षाच्या आसपास धोका सगळ्यांत कमी. पुढे तो वाढतच जातो.

"आणि मी कुठे?" मावशी एकाहत्तरची. मी शेवटाकडे बोट दाखवलं.

"चढावर. तरीच जिना चढताना धाप लागते."

डॉक्टरकडे जा म्हटलं, की तिला हटकून एखादी मोटार आठवायची.

मग ताईला, म्हणजे तिच्या मुलीला, सातव्या महिन्यातच मुलगी झाली. जेमतेम दीड किलोची. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. पहिले काही दिवस काही सांगता येत नाही, म्हणाले डॉक्टर. ताईने मला आधीच बजावलं, "तुझे आकडे तुझ्यापाशी ठेव."

मावशीने पाटी पुसली आणि नातीचे तास लिहायला घेतले. तिसऱ्या दिवशी तिने पिशवीतून पेचकस काढला, तेव्हा नर्स हबकलीच.

"आजी, हे काय?"

"ऐकायचंय मला."

नर्सने पेचकस जप्त केला, पण आपली छाती तपासायची नळी तिच्या कानाला लावली. मावशी बराच वेळ ऐकत राहिली. "अडखळतंय."

"एवढ्या लहान बाळाचा श्वास अडखळतो आजी. लक्ष आहे आमचं."

बहात्तर तास झाले, तरी मावशीने लिहिणं थांबवलं नाही. मोटारींचे तास पुठ्ठ्यावर गेले. पाटीवर सहाशे बहात्तर झाले त्या दिवशी बाळ घरी आलं, आणि येताना वाटेत दुकानात.

"आई, आता तरी पूस ती पाटी," ताई म्हणाली.

मावशीने नातीला मांडीवर घेतलं आणि मला विचारलं, "ही सपाटीला लागली?"

"अजून उतार आहे. पण सगळ्यांत अवघड गेलं."

"आणि दहाची होईल तेव्हा मी?"

"एक्याऐंशीची."

तिने नातीला ताईच्या हातात दिलं. मग पदराने पाटी पुसून म्हणाली, "उद्या सकाळी मोकळा आहेस? तू म्हणतोस त्या डॉक्टरकडे जाऊन येऊ. माझीही बेअरिंग ऐकू दे कुणीतरी."