निळ्या टपरीशेजारची गिरणी

समुद्रकाठच्या एसुआनोत घरांना नंबर आहेत, पण ते कुणी विचारत नाही. चॅपलच्या मागे, कडुनिंबाच्या डावीकडे, निळ्या टपरीशेजारी, असाच पत्ता सांगायचा. त्यावर पत्रं पोचतात, पाहुणे पोचतात, लग्नाची मागणीही पोचते. बेन्यिवाच्या गिरणीचा परवाना असाच पोचला आणि बाईचा घात झाला.

बावीस वर्षं ती खालच्या बाजारात दुसऱ्याच्या गिरणीवर मका ओतत होती. त्यात डावा कान गेला, आवाज मात्र दुप्पट झाला. नवरा मासेमारीच्या बोटीवर चढला तो कुठल्याशा बंदरातच राहिला. त्याच्या नावाने बोटं मोडण्यातही तिने वेळ घालवला नाही. जुनं डिझेल इंजिन उचललं, मामाच्या पडवीत बसवलं आणि नगरसभेत अर्ज दिला: निळ्या टपरीशेजारी, गटाराला लागून, मक्याची गिरणी. लोकांचे अर्ज वर्ष वर्ष धूळ खातात, तिचा परवाना पंधरवड्यात आला. एवढ्या लवकर कसा, हे तिने विचारलं नाही. मीही विचारलं नसतं.

परवाना तिने काचेत बसवून इंजिनाच्या वर टांगला. उजाडायच्या सुमाराला केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे पानात उकडलेले गोळे, करणाऱ्या बायका भिजवलेल्या मक्याची घमेली दारात ओळीने मांडून जायच्या. घमेलं म्हणजे नंबर, मालकीण हजर असायची गरज नाही. हे टवके उडालेलं फलाण्या बाईचं, ते लाल चिंधीचं तमकीचं. बेन्यिवाने कधी ओळ मोडली नाही. सख्ख्या बहिणीचं घमेलंही तिने मागेच ठेवलं होतं. बहीण महिनाभर बोलली नाही.

भिंतीला भिंत लागून टांडो मास्तरांचं घर. मास्तर शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, पण शर्टाचं वरचं बटण अजून लावलेलंच असायचं. त्यांची बायको क्वान्सिमा हिने चाळीस वर्षं केंकी विकली. तिच्या हातची केंकी पानातून सोडली की शेजारी ताट घेऊन यायचे. आता तिचं अर्धं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. खिडकीशी खाटेवर पडून असायची. घमेली ठेवायला येणाऱ्या बायका खिडकीशी थांबून हाका मारायच्या.

"आंटी, उठलात का? बघा, तुमच्या सुनेपेक्षा माझा मका पांढरा आहे."

"तिला सून कुठली? मास्तरांनी पोरांना पुस्तकांशीच लावून दिलंय."

बायका त्यांचं त्या हसायच्या आणि पुढे जायच्या.

मास्तरांना इंजिनाच्या धडधडीने बायको तळमळते असं वाटायचं. ते दोनदा येऊन सांगून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी तक्रार लिहिली, आणि मास्तरांचं अक्षर ते, नगरसभेला वाचावंच लागलं.

एका मंगळवारी नगरसभेचे क्वेको साहेब लाल रंगाचा डबा घेऊन आले आणि भिंतीवर हातभर अक्षरांत लिहू लागले: काम थांबवा, परवाना दाखवा.

"साहेब, वर बघा की," बेन्यिवा म्हणाली. "काचेत आहे. तुमचीच सही आहे."

साहेबांनी चष्मा चढवला, वाचलं, मागे सरून गटाराकडे बघितलं, मग टपरीकडे. "ही टपरी इथे कधी आली?"

"मी आले तेव्हा होती."

साहेबांचा चेहरा पडला. अर्धं लिहिलेलं तसंच टाकून ते निघाले. जाताना एवढंच म्हणाले, "गुरुवारी कचेरीत या. मास्तरांनाही सांगा."

गुरुवारी टेबलावर नकाशा पसरला होता. गटाराच्या खालच्या अंगाला बाजार, तिथे गिरणी चालते. वरच्या अंगाला राहती घरं, तिथे चालत नाही. निळी टपरी नकाशात बाजाराच्या बाजूला होती. अर्जावर निळी टपरी वाचून क्वेको साहेबांनी नकाशात बोट ठेवलं होतं आणि शिक्का मारला होता. जागेवर कुणी गेलंच नव्हतं.

"टपरी हलवली कुणी?" त्यांनी विचारलं.

बेन्यिवाने मास्तरांकडे पाहिलं. ते बटण चाचपत होते.

"मी," ते म्हणाले. "माझ्या बायकोची आहे ती. ती आजारी पडल्यावर खाली चोऱ्या व्हायला लागल्या. आठ माणसं लावून घरापुढे आणून ठेवली."

"मग चूक यांची!" बेन्यिवा उठून उभीच राहिली. "नाहीतर तुमची. माझी कुठली? मी जे डोळ्यांना दिसलं ते लिहिलं."

"बाई, तुमची चूक आहे असं मी म्हणतच नाही," साहेब खाली बघत म्हणाले. "पण परवाना चुकीचा आहे. रद्द होणार. महिन्यात इंजिन काढा."

खाली जागा होती कुठे? टपरीच्या जुन्या जागी वेण्या घालणाऱ्या बायकांचं दुकान कधीच उभं राहिलं होतं. बेन्यिवा रस्त्याने घरी आली ती वाटेत भेटेल त्याला ऐकवत. घरी पोचल्यावर मात्र पडवीत बसून रडली. स्वतःची म्हणून आयुष्यात एकच वस्तू होती तिची.

महिना भरला. दूरच्या खेड्यातल्या एका माणसाने इंजिन घ्यायचं कबूल केलं. शेवटचं घमेलं दळून तिने पट्टा उतरवला, आणि दुसऱ्या दिवसापासून बायका खालच्या बाजारात जाऊ लागल्या. वरच्या आळीतून जायचं कुणाला काही कारण उरलं नाही.

सहाव्या दिवशी मास्तर आले. पहिल्यांदाच वरचं बटण उघडं होतं.

"ती खात नाही," ते म्हणाले. "उजाडलं की खिडकीकडे बघते. चांगला हात असा गोल फिरवते. मी आधी पाणी दिलं, मग उशी बदलली. चार दिवस लागले मला कळायला." त्यांनी हवेत हात फिरवून दाखवला, गिरणीचं चाक फिरावं तसा. "मी तक्रार मागे घ्यायला गेलो होतो."

"मग?"

"क्वेको म्हणाला, तक्रार घ्या हो मागे. परवान्यातली चूक कशी मागे घेणार? ती आता फाइलीत आहे."

बेन्यिवाच्या ओठांवर खूप काही आलं होतं. म्हाताऱ्याच्या त्या उघड्या बटणाकडे पाहून तिने ते गिळलं. पण बसाही म्हणाली नाही.

शनिवारी इंजिन न्यायला ट्रक यायचा होता. ती सकाळीच पडवीकडे गेली आणि थबकली. बंद दारासमोर एकच घमेलं होतं. निळ्या काठाचं, एका बाजूने चेपलेलं. क्वान्सिमा आंटीचं. आत मका भिजवलेला होता, पण नीट निवडलेला नव्हता, पाणीही बदललेलं दिसत नव्हतं. उभ्या जन्मात चुलीकडे न फिरकलेल्या माणसाने भिजवला होता तो. ओळीत पहिला नंबर लावला होता.

ट्रक आला. चौघांनी इंजिन चढवलं. ते घमेल्याला वळसा घालून गेले.

मग बेन्यिवाने घमेलं डोक्यावर घेतलं आणि खालच्या बाजारात, बावीस वर्षं जिथे राबली त्याच गिरणीवर, रांगेत शेवटी ठेवलं. सोमवारपासून तिला तिथेच पुन्हा मका ओतायचा होता. दळून झाल्यावर ती परत चढ चढून आली आणि घमेलं क्वान्सिमाच्या खाटेजवळ आणून ठेवलं.

"आंटी, तुमचं दळण," ती मोठ्याने म्हणाली. "मास्तरांनी भिजवलंय, तेव्हा चवीला काय असेल देव जाणे."

क्वान्सिमाने पिठात दोन बोटं बुडवली, अंगठ्याने चोळून पाहिलं, मान डोलावली. मास्तरांना वाटलं, झालं. ते हसले.

मग तिने पिठाचा तो ओला हात खिडकीच्या गजावर ठेवला, तोंड गिरणीच्या भिंतीकडे केलं आणि वाट बघत राहिली.