दादांची बोटं
दिंडोरीच्या रस्त्यावर द्राक्षबागेतल्या फवारणीचा वास आला की मी अजूनही गाडीची काच चढवते.

मी बारावीत होते. दादांनी, माझ्या वडिलांनी, कीटकनाशक फवारताना पंपाचा तुंबलेला नोझल नेहमीसारखा तोंडाने फुंकला होता. नाशिकला नेताना जीपमध्ये त्यांचा घामेजला हात मी धरला, तर बोटं माझ्या तळव्यावर सारखी हलत होती.

“आई, दादा हात दाबतायत!”

“सोडू नको गं, धरून ठेव!”

दवाखान्यात सगळं संपल्यावर डॉक्टर म्हणाले, “विषामुळे नसांचे निरोप थांबत नव्हते, म्हणून स्नायू उडत होते. त्यांना शुद्ध नव्हती.”

आज मज्जासंस्था मीच शिकवते. पण ती बोटं मला काहीच सांगत नव्हती, असं कुणी म्हणालंच, तर मी आजही भांडेन.