हाडकीवरची चिंच

आमच्या जत तालुक्यातल्या गावात गुरांचा लम्पी रोग आला आणि गावाने चोर ठरवलं पाखरांना. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

गावाबाहेर, आमच्या रानाला लागून, हाडकी आहे. मेलेली जनावरं टाकायची जागा. ती ओढून न्यायचं काम पूर्वी आमच्या घरांवर होतं. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला आणि पुन्हा त्या दोरीला हात लावला नाही. मग लोक जनावर ट्रॅक्टरला बांधून आणायचे, टाकायचे आणि पाठ फिरवून निघून जायचे. पुढचं सगळं आमच्या बांधावरच्या चिंचेवर बसणाऱ्या घारी, कावळे आणि एखाददुसरं पांढरं गिधाड उरकायचं. चार दिवसांत नुसती हाडं उरायची. ती चिंच आजोबांनीच लावलेली.

लम्पीत गाई-बैलांच्या अंगावर गाठी उठल्या, काही मेले. जनावरांचे डॉक्टर घसा फोडून सांगत होते, रोग माश्या-गोचिडांनी पसरतो, मेलेलं जनावर चुना टाकून खोल पुरा. पण खड्डा खणणार कोण? त्यापेक्षा झाड पाडणं सोपं. आमच्या बांधाचा शेजारी वडिलांना म्हणाला, "आवं, ती पाखरंच रोग घिऊन हिंडत्यात. चिंच पाडा."

कावळा एखादा तुकडा कुठे टाकत नसेल, असं मी म्हणत नाही. पण उघड्यावर टाकलं कुणी? गाठी आलेली गाय बाकीच्या जनावरांच्या दावणीला ठेवली कुणी? नाचता येईना अंगण वाकडं!

वडिलांनी साफ नकार दिला. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना मिरजेला माझ्याकडे नेलं. परत आलो तर बांधावर चिंचेचा नुसता बुंधा; आमच्या मागे शेजाऱ्याने ती पाडली होती. वडिलांनी बुंध्यावर हात ठेवला.

"ह्ये बघाय डोळं केलं व्हय गं?" एवढंच म्हणाले.

महिनाभरात त्याच शेजाऱ्याची गाय लम्पीने मेली. सवयीप्रमाणे हाडकीवर टाकली. पाखरं फिरकली नाहीत. गाय सडली, वास गावात शिरला, आणि कुत्र्यांनी तिचा पाय ओढत नेला तो थेट त्याच्याच अंगणात. तेव्हा हा माणूस आमच्या दारात आला. मीही त्या दिवशी गावी आले होते.

"तुमच्यात पूर्वी करत हुती की ही कामं. कुणीतर बघा की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वडील आत गेले आणि फावडं घेऊन आले. मला वाटलं, हे निघाले.

त्यांनी फावडं शेजाऱ्याच्या हातात दिलं.

"आमी सोडलं, ते पाखरांनी धरलं. त्यास्नी तू हाकललंस," ते म्हणाले. "आता तुझी पाळी. खोल खण, आन् सांजच्याला फावडं धुऊन आणून दे."