निर्माल्याचं खत

हौसाबाईंच्या पायाला भोक पडलं होतं. मी जखम म्हणत नाही, भोक म्हणतोय. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली, गोल, कडा जाड आणि कडक, आत चांगलं खोल. रक्त नाही, पू नाही. त्यांनी त्यात हळद भरली होती आणि वरून चिंधी बांधली होती.

"कधीपासून आहे हे?"

"दिवाळीच्या आदीपासून असंल. दुखत न्हाई, सायेब. म्हनून बोलले न्हाई."

"दुखत नाही, मग लंगडताय कशाला?"

"आता जरा ठसठसतंय. पन कामाला काय हरकत न्हाई," त्या घाईघाईने म्हणाल्या आणि चिंधी परत गुंडाळायला लागल्या.

ही घाई मला कळत होती. हौसाबाई ठेकेदाराच्या रोलवर होत्या. निघोज्याहून पहाटे निघून, मिळेल त्या वाहनाने पिंपरीला यायच्या. नवरा वारलेला, घरी सासू आणि लग्नाची मुलगी. ठेकेदाराची बाई आठवडाभर घरी बसली की तिच्या जागी दुसरी उभी राहायची. त्यांचा पाय चालता राहिला तरच घर चालणार होतं.

मी तेव्हा एका मोठ्या इंजिनिअरिंग कंपनीत गार्डन सुपरवायझर होतो. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. गेटवरचे गुलाब, ऑफिससमोरचं लॉन आणि कॉलनीतल्या क्वार्टर्सच्या परसबागा हे माझं राज्य. गुलाबात मला रस नव्हता. ते साहेबलोकांसाठी. माझा जीव परसबागांत होता. प्रत्येक क्वार्टरमागे चार वाफे निघतील एवढी जमीन होती आणि बायका तिथे मेथी, पालक, वांगी, घेवडा लावायच्या. पण युरियाशिवाय पान हलत नाही अशी सगळ्यांची समजूत. शिवाय ती कीड मारायची, बीएचसीची विषारी पांढरी पावडर. लोक ती वांग्यांवर अशी मारायचे की भिंतीला चुना लावताहेत असं वाटावं, आणि संध्याकाळी तीच वांगी भरून खायचे. मी ओरडून ओरडून थकलो. शेवटी भाषण सोडून खतच करून द्यायला लागलो. कॅन्टीनमधली भाजीची देठं, लॉनचं कापलेलं गवत, पालापाचोळा आणि गोठ्यातलं शेण. मावा पडला तर तंबाखूचं पाणी, मुळांना निंबोळी पेंड. पर्यावरण वगैरे शब्द आमच्या तोंडी नव्हते. बायका त्याला 'निंबाळकरांचं खत' म्हणायच्या आणि पाटी घेऊन भांडायच्या. दोन-तीन वर्षांत कॉलनीतली पावडर जवळजवळ बंद झाली होती. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

या खतात दसऱ्यानंतर निर्माल्य यायचं. खंडेनवमीला कंपनीतलं प्रत्येक शॉप, म्हणजे कामाचा विभाग, धुऊन निघतं, मशिनला हळदकुंकू लागतं, झेंडूच्या माळांनी लेथसुद्धा नवरदेवासारखा दिसतो. ती सगळी फुलं नंतर जाणार कुठे? निर्माल्य कचऱ्यात टाकायला कुणाचा हात धजत नाही. म्हणून सगळ्या शॉपची निर्माल्याची ट्रॉली माझ्या खड्ड्यावर रिकामी व्हायची. गेटवर काय, खड्ड्यावर काय, ती ट्रॉली कोणी तपासायचं नाही. देवाची फुलं काय तपासायची?

खड्ड्याचं काम हौसाबाईंचं. थर द्यायचा, पाणी मारायचं, तुडवायचं, काही दिवसांनी खालीवर करायचं. बाकीच्या ढिगावर त्या चपला घालून चढायच्या. निर्माल्याचा थर आला की चपला काढून लांब ठेवायच्या, थराला हात लावून नमस्कार करायच्या आणि अनवाणी उतरायच्या. मी स्टोअरमधून गमबूट आणून दिले होते. ते कोपऱ्यात तसेच उभे.

"तुडवल्याबिगर कुजायचं न्हाई, ते मला कळतंय," त्या म्हणायच्या. "पन देवाच्या फुलांवर पायतान? न्हाई बा."

मीही माझ्या आईचाच मुलगा. मी बूट तिथेच ठेवले.

त्यांना कंपनीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता पाय पाहिला.

"शुगर असेल."

तपासली. शुगर नव्हती.

"मग चिखल्या. या बायका अनवाणी काम करतात, दुसरं काय होणार?"

"डॉक्टर, पावसाळा संपून किती दिवस झाले. आता कसल्या चिखल्या?"

"निंबाळकर, झाडांचं तुम्ही बघा," ते म्हणाले आणि मलम लिहून दिलं. मी नाक मुठीत धरून बाहेर आलो.

त्याच सुमाराला कॉलनीतून तक्रार आली. टूलरूममधल्या शेखची बायको, रजियाभाभी. तिची बाग म्हणजे कॉलनीतली एक नंबर. मला हाताला धरून वाफ्यापाशी नेलं नाही, एवढंच.

"ये देखो. या वाफ्यात तुमचं जुनं खत, मेथी बघा कशी आहे. आणि या वाफ्यात नवीन. उगवली काय, पिवळी पडली काय, झोपली काय. पाणी तेच, बी तेच."

नवीन खत म्हणजे दसऱ्यानंतरच्या खड्ड्याचं. मी परत येऊन खड्डा खणून बघितला. एरवी तिथे कुदळ मारली की गांडुळांचे झुपके निघायचे. एकही नव्हतं. खालच्या थरात पिवळ्या-नारिंगी पट्ट्या दिसल्या. पहिल्यांदा वाटलं, झेंडू. मग लक्षात आलं की झेंडू कुजला की काळा पडतो. हा पिवळा काही केल्या काळा झाला नव्हता. आणखी उकरलं तर त्यात एक तांब्याचा वाकडा हुक सापडला. असे हुक कंपनीत एकाच ठिकाणी लागतात. प्लेटिंग शॉपमध्ये लोखंडी भागांवर क्रोमचा चकचकीत थर चढवतात, तेव्हा ते भाग या हुकांना टांगून टाकीत सोडतात.

प्लेटिंगचे फोरमन देवधर. सज्जन माणूस, सगळ्यांशी हसून बोलणार. त्यांनी चहा मागवला. मी हुक टेबलावर ठेवला.

"देवधर, दसऱ्याला तुमच्या निर्माल्यात काय घातलंत?"

"फुलं. आणखी काय घालणार?"

मी हुक त्यांच्या पुढ्यात सरकवला. ते हुकाकडे बघत राहिले.

"टाकीच्या तळाचा गाळ होता," ते हळूच म्हणाले. "शॉपमागचा गाळाचा खड्डा भरलाय, राव. बाहेर काढायचा तर गेटवर ट्रॉली उलटी करून बघतात. वरून सांगतात, पाण्याची तपासणी येणार, आवार साफ ठेवा. गाळ कुठे टाकू ते कोणी सांगत नाही. निर्माल्याला कोणी हात लावत नाही, म्हणून..."

"ते खतात जातं हे ठाऊक होतं ना?"

"मातीत मुरून जाईल असं वाटलं हो."

त्यांनी कप उचलला तेव्हा मला त्यांच्या बोटाच्या सांध्यावर भोक दिसलं. गोल, कडा जाड, आत खोल. मी त्यांचा हातच धरला.

"हे काय आहे?"

"हे? क्रोमचं भोक. आमच्याकडे सगळ्यांना असतं. आधी बोटांना, मग नाकात. दुखत नाही." सर्दीबद्दल बोलावं तसं ते बोलत होते. "लगेच धुतलं, काम बदललं तर भरतं. नाही बदललं तर आत जात राहतं."

हौसाबाईंनी काम बदललं नव्हतं. त्या रोज त्या थरावर उभ्या होत्या. मला देवधरांचा इतका राग आला की चहा तसाच ठेवून उठलो.

पर्सोनेल मॅनेजरनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमी शांतच असायचे.

"कॉलनीत वाटलेलं खत आजच्या आज परत घ्या," ते म्हणाले. मला बरं वाटलं. "पण क्रोम हा शब्द कॉलनीत ऐकू येता कामा नये."

"मग काय सांगू?"

"शेतकीचे पदवीधर तुम्ही. सांगा एखादी कीड."

"हुमणी?" माझ्या तोंडून निघून गेलं. हुमणी म्हणजे शेणखतात वाढणारी पांढरी अळी, झाडांची मुळं खाते.

"छान. हुमणी लागली म्हणून परत घेतोय."

"आणि हौसाबाईंचा पाय?"

"ती ठेकेदाराची बाई आहे. प्लेटिंग शॉपमध्ये तिने कधी पाऊल टाकलंय?"

"नाही, पण..."

"मग क्रोमचा संबंध कुठे आला? खतात तर हुमणी होती."

मला तिथेच कळायला हवं होतं ते जिना उतरताना कळलं. खतात हुमणी असेल तर हौसाबाईंच्या भोकाला काही कारणच उरत नव्हतं. मलम लावून त्या घरी बसणार, आणि उपचार कोणी, कसले करायचे हे कोणी ठरवणारच नव्हतं.

हातगाडी घेऊन मी क्वार्टर्समधून फिरलो. हुमणी म्हटल्यावर बायकांनी शिव्या घालत खत भरून दिलं. अडली ती रजियाभाभी.

"हुमणी? कहां है? मी कालच सगळी माती चाळली. दाखवा एक तरी."

"असते हो, लहान असते."

"निंबाळकरभाऊ, हुमणी तुम्हीच मला ओळखायला शिकवलीत. मिळाली तर वेचून फेकीन. खत नाही देणार."

तिच्या मागे तिची धाकटी मुलगी त्याच वाफ्यात बसून मातीचे लाडू वळत होती. मी खरं ते सांगितलं. प्लेटिंगचा गाळ आहे, क्रोम आहे, हाताला लागला तर धुवा, यातली मेथी खाऊ नका.

तिने आधी मुलीला ओढून नळाखाली धरलं. मग एकदम थांबली.

"आणि हौसामौशी? ती तर यातच उभी असायची. पाटी द्यायला आली तेव्हा लंगडत होती."

"हो."

"उनका कुछ किया क्या किसी ने?"

मी नकारार्थी मान हलवली. रजियाभाभीने उभ्या वाफ्याची मेथी मुळासकट उपटली आणि ओंजळ तशीच पेपरात गुंडाळून शेजारी दाखवायला गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या कॉलनीला ठाऊक झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या दाराशी बायका मुलांचे हातपाय दाखवायला उभ्या राहिल्या, आणि डॉक्टर पहिल्यांदाच खुर्चीतून उठले. हौसाबाईंना त्यांनी पुण्याच्या हॉस्पिटलात पाठवलं.

उशीर झाला होता. भोक हाडापर्यंत गेलं होतं आणि आतून सडलं होतं. पुढचा अर्धा पाय काढावा लागला.

माझ्यावर ठपका आला. कॉलनी माझ्याकडून काढून घेतली, गुलाब तेवढे ठेवले. परसबागांत पुन्हा युरिया आणि पावडर आली. खतावरचा विश्वासच उडाला होता, लोकांना तरी दोष कसा देऊ? देवधरांना कोणी काही विचारलं नाही. हौसाबाईंच्या भरपाईचा विषय मी पुन्हा पुन्हा काढला. दरवेळी तेच शांत उत्तर. कंपनीच्या लेखी त्या वर्षी खतात हुमणीच होती. ठेकेदाराने हौसाबाईंचं नाव काढून टाकलं.

उन्हाळ्यात मी निघोज्याला गेलो. हौसाबाई ओट्यावर पाय लांब करून बसल्या होत्या. मला बघून पदराने पाय झाकला. सासू आतून बडबडत होती, ऐकू जाईल अशीच.

"द्येवाची फुलं पायाखाली घेतली, मग आनिक काय व्हनार? पोरीचं जुळल्यालं मोडलं त्यापायी. कोन करंल अशा घरातली सून?"

"गावात समदे त्येच म्हनत्यात," हौसाबाई खाली बघत म्हणाल्या. "मी नमस्कार करून उतरायची वो. तरीबी कोप झाला."

मी त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. गाळ, ट्रॉली, देवधरांच्या बोटावरचं भोक, हुमणीचं सोंग. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजी द्येवाचा कोप न्हाई?"

"नाही."

"मानसानं क्येलं?"

"हो."

त्यांनी पायावरचा पदर पुन्हा नीट ओढून घेतला.

"मग द्येवाचाच बरा व्हता, सायेब. त्याच्या पाया तरी पडता येतं."



रिटायर झाल्यावर मी पुन्हा परसबागेचे वर्ग घ्यायला लागलो. हल्ली या कामाला मोठी मोठी नावं आहेत आणि येणारी माणसं हौशी आहेत. सगळे आधी हेच विचारतात की चांगलं खत कसं ओळखायचं, रंगावरून की वासावरून. मी सांगतो, रंग आणि वास नंतर. आधी विचारा, कुठून आलं. देणारा उत्तर देताना अडखळला तर घेऊ नका, आणि ते देवाचं आहे म्हणाला तर दोनदा विचारा.