लंगोटाचा वास फॉर्मवर

लॅबवाल्या मंडळींनो, आज डोकं तापलंय, म्हणून इथेच लिहिते.

सकाळी धुळ्यातल्या आमच्या लॅबमध्ये शिरपूरकडच्या एक अक्का आठ दिवसांच्या नातवाची लघवी घेऊन आल्या. बाळ दवाखान्यात भरती आहे, दूध ओढत नाही. अक्का म्हणाल्या, "ताई, लंगोटले गुळना पाकना वास येस."

मी ते तसंच फॉर्मवर लिहिलं. शेजारचे ज्युनिअर डॉक्टर हसले. "खोडा ते. गुळाचं पाणी पाजलं असेल यांनी."

"दूधशिवाय काहीच दिधं नही," अक्का म्हणाल्या.

मी खोडलं नाही. थोड्या लघवीत डीएनपीएच या तपासणीच्या रसायनाचे थेंब टाकले. नितळ लघवी पिवळी, गढूळ झाली आणि तळाशी साका बसला. गुळाच्या पाकासारखा वास आणि हा साका, दोन्ही मिळून दुधातल्या प्रथिनांचे घटक बाळाच्या शरीरात मोडले जात नसल्याची खूण असू शकते. वॉर्डात लगेच फोन केला, उरलेली लघवी बर्फात घालून मोठ्या मशीनच्या तपासणीला पाठवली. सोबत फॉर्म तोच.

आमच्या फॉर्मवर वासाचा रकाना नाही. तुमच्याकडे आहे का? मी आज पेनाने आखला. ज्याला तो खोडायचाय, त्याने आधी आठ दिवस हाताने लंगोट धुवावेत.