अक्का पूर्ण आल्या पाहिजेत

कॅमेरा बदलण्याचा निर्णय माणसाने गरज तपासून, उपयोग पडताळून आणि थंड डोक्याने घ्यावा. मी तो उल्हासनगरात लच्छूशेठच्या दुकानात, मागवलेला चहा यायच्या आत घेऊन टाकला होता. गरज त्यानंतर शोधायला लागलो.

"साईं, ये कॅमेरा नहीं, तुमचा फ्युचर है," असं म्हणत शेठने खोका उघडला. गाभाऱ्याचं दार उघडावं तसा. वर हेही म्हणाला, "डेमो पीस घेऊन जा. एक शादी मारो, फिर बोलो."

तो दोन हजार आठच्या आसपासचा काळ. रोलचे दिवस संपले होते आणि अंबरनाथच्या आमच्या स्टुडिओत डिजिटल कॅमेरा चांगला रुळला होता. काउंटर आणि अल्बमचं काम बायको, सुमन, बघायची. तिने खोक्याकडे पाहिलं.

"आपला बिघडलाय का?"

"नाही. पण हा फुल-फ्रेम आहे."

"म्हणजे आपला हाफ?"

मी समजावलं. रोलची निगेटिव्ह जेवढी असायची, तेवढाच या नव्या कॅमेऱ्याचा सेन्सर. आपल्या कॅमेऱ्यातला त्याहून लहान. खिडकी लहान असली की बाहेरचं कमी दिसतं, तसं त्याच लेन्समधून आपल्याला कमी दिसतं.

"मग मागे सरकायचं."

"मागे भिंत असते."

हे बोललो आणि मला गरज सापडली. तिला नाव मिळालं त्याच आठवड्यात.

गायकवाड धाकट्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर द्यायला आले. कंपनीतून निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांची एकच अट होती.

"ग्रुप फोटोत आमच्या अक्का पूर्ण आल्या पाहिजेत."

अक्का म्हणजे त्यांची बदलापूरची थोरली बहीण. थोरल्या मुलीच्या लग्नात दुसऱ्या कोणा फोटोग्राफरने त्यांना टोकाला उभं केलं होतं. अल्बममध्ये त्यांचा एक खांदा आणि पर्स आली. अक्कांचा निष्कर्ष असा, की भावानेच सांगून कापलं. तेव्हापासून भावाबहिणीचं बोलणं बंद. या लग्नाला येते म्हणाल्या होत्या, पण निरोप असा होता, "फोटोत काय होतं ते बघते, मग ठरवते."

आमच्याकडे बौद्ध पद्धतीने वंदना, पंचशील, हार आणि आशीर्वाद झाले की लग्न लागतं. उरलेला दिवस फोटोचा. त्यामुळे फोटोतलं स्थान हेच बहुतेकांचं नात्यातलं स्थान असतं.

हॉल मी आधी बघून आलो. लांबट होता, पण स्टेजसमोर पहिल्या रांगेचे सोफे जमिनीला स्क्रूने बसवलेले. स्टेज आणि सोफा यांच्या मधे जेमतेम मी मावत होतो. सोफ्यांमागून काढावं तर बसलेल्यांची डोकी आडवी येणार. एवढ्या जवळून जुन्या कॅमेऱ्यात अख्खी भावकी बसली नसती. मी शेठचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि जुना पिशवीत टाकला.

लग्न लागलं. सगळे स्टेजवर चढले. अक्का आल्या आणि थेट टोकाला जाऊन उभ्या राहिल्या.

"अक्का, मधे या ना, नवरीच्या मागे."

"मधे आले की पुढच्याचा फेटा माझ्या तोंडावर. मी इथंच बरी. बघू कसा कापतोस."

नव्या कॅमेऱ्यात सगळे मावले. अक्का खांदा, पर्स, चपलांसकट आल्या. मी मनातल्या मनात शेठचे आभार मानले आणि मागच्या स्क्रीनवर फोटो मोठा करून पाहिला. एवढ्या रुंद कोनातून काढलं की कडेच्या वस्तू ताणल्या जातात. लेन्सचा धर्मच तो. अक्का मुळात भरदार. फोटोत त्या दोन अक्कांएवढ्या दिसत होत्या.

कापलेली अक्का वर्षानुवर्षं बोलली नाही. फुगवलेली काय करेल, याचा मी विचार केला. गायकवाड माझ्याकडे बघत होते. मी कुणाकडेच बघत नव्हतो.

मग सुमनचं बोलणं आठवलं. मागे सरकायचं. स्टेजकडे तोंड करून मागे जागा नव्हती, पण स्टेज रिकामं केलं तर त्याच्या मागच्या भिंतीपर्यंत जागाच जागा होती.

"सगळे खाली उतरा," मी म्हणालो. "सोफ्यांच्या मागे, खुर्च्या हलवून उभे राहा. मी स्टेजवर जातो."

"अहो, मग डेकोरेशन?" गायकवाड कळवळले. मागे थर्माकोलमध्ये वधू-वरांची नावं चमकत होती. "त्याचे पैसे दिलेत!"

"फोटोत डेकोरेशन पाहिजे की अक्का?"

गायकवाड उतरले. अक्का उतरता उतरता म्हणाल्या, "छान. फोटोवाला स्टेजवर, नवरानवरी खाली. आता आहेराचं पाकीटही त्याच्याच हातात द्या."

अंतर मिळालं, तसा मी जुनाही पिशवीतून काढला. सगळे दोन्ही कॅमेऱ्यांत मावले. ताणतूण काही नाही. नव्यावरच्या सगळ्या फोटोंत अक्का जेवणाच्या टेबलाकडे बघत होत्या. जुन्यावरच्या एका फोटोत त्या सरळ समोर बघत होत्या, ताठ, पूर्ण. फक्त त्यात गायकवाडांचे डोळे मिटलेले होते.

अक्का स्वतःच स्टुडिओत फोटो बघायला आल्या. स्वतःवरून बोट फिरवून झालं. मग ते भावावर थांबलं.

"दुसऱ्या फोटोतले डोळे लावून देते," सुमन म्हणाली. "कॉम्प्युटरवर होतं."

"नको," अक्का म्हणाल्या. "फोन आहे का तुमच्याकडे?"

काउंटरवरून त्यांनी भावाला फोन लावला. "किसन्या, मी पूर्ण आलेय. तू झोपलायस." पुढे बराच वेळ हसत होत्या.

यावरून मी शिकलो ते एवढंच, की कॅमेरा बदलण्याआधी उभं राहायची जागा बदलून पाहावी. ती फुकट असते. डेमो पीस शेठला परत केला. तो म्हणाला, "साईं, तुम फ्युचर वापस कर रहा है."

पुढच्या हंगामात मी फुल-फ्रेम घेतलाच. गिऱ्हाईक फोटोआधी कॅमेरा बघतं, त्याला इलाज नाही. तो स्टुडिओत आला त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून गायकवाडच आले. पेन्शनच्या कामासाठी फोटो हवा होता. त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगण्यासाठी अक्का सोबत आल्या होत्या. नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो गायकवाडांचाच निघाला. पासपोर्ट साईझ, आठ कॉपी.