सर्व्हरवर मेंढरं बसवताना

माहितीची अचूक देवाणघेवाण हा मानवी संस्कृतीचा पाया आहे. हे वाक्य वेब टेक्नॉलॉजीच्या जर्नलच्या पहिल्या पानावर होतं. माझ्या जर्नलमध्ये होतं, माझ्या शेजारच्याच्या होतं, वर्गातल्या साठही जणांच्या होतं. त्यातल्या एकोणसाठ जणांनी ते वाचलेलं नव्हतं, नुसतं उतरवलं होतं. साठाव्यानं, म्हणजे ज्याच्या जर्नलवरून आम्ही उतरवलं त्यानं, ते मागच्या बॅचकडून घेतलं होतं. संस्कृतीचा पाया असा एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातो.

मी पिंपरी पेंढारचा. घरी शेती. अवसरीत खोली घेऊन इंजिनिअरिंग करत होतो आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटाला आलो होतो. माझे आधीचे काही विषय राहिले होते. सुट्टीत घरी गेलो की वडील विचारत, "किती राहिले?" मी म्हणायचो, "थोडे." "थोडे म्हंजे किती?" "निघतील." या उत्तरानं त्यांचं समाधान होत नसे, पण मी आकडा कधी तोंडातून काढला नाही. हिशेब मला पक्का माहीत होता. त्यात आणखी एकाची भर पडली असती तर अंतिम वर्षाला प्रवेश मिळणार नव्हता, आणि तो एक म्हणजे वेब टेक्नॉलॉजीचं प्रॅक्टिकल, हे उघड दिसत होतं.

विषय वाईट नव्हता. मॅडमनी आधी एक्सएमएल शिकवलं, म्हणजे एका ॲपकडून दुसऱ्याकडे माहिती बांधून पाठवायची पद्धत. त्यात उघडलेला प्रत्येक टॅग बंद करावा लागतो. आमच्या घरात ही शिस्त फक्त गोठ्याच्या दाराला होती. मग त्याच कामासाठी जेसन आलं. ते सुटसुटीत, पण मानी. एक स्वल्पविराम जास्त पडला की पुढचं काही ऐकूनच घेत नाही. मग मॅडमनी प्रोजेक्ट दिलं. दोघादोघांची जोडी. एकानं एका बाजूचं ॲप करायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूचं. दोन्ही ॲप फक्त जेसनमधून एकमेकांशी बोलतील. कुठली माहिती कुठल्या नावानं जाईल, ते कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. मॅडम त्या कागदाला करार म्हणत. ठरलेल्या नावाची माहिती आली नाही की पडद्यावर तिच्या जागी 'अनडिफाइन्ड', म्हणजे अनिश्चित, असं उमटतं, हेही त्यांनी बजावलं होतं.

माझा जोडीदार धनगराच्या घरातला. त्याचे वडील आता शेती करतात, चुलते अजून मेंढरं राखतात. उन्हाळ्यात कांदा निघून वावरं मोकळी झाली की शेतकरी मेंढरं बसवून घेतात. धनगर वावरात वाघर लावतो, म्हणजे जाळीचं कुंपण. मेंढरं रात्रभर आत बसतात आणि सकाळी जमिनीला खत मिळालेलं असतं. जोडीदार म्हणाला, "राव, याचंच बुकिंग करू. शेतकऱ्याचं ॲप तुझं, धनगराचं माझं."

बाकी सगळे हॉस्पिटल नाहीतर लायब्ररी करत होते. मला ही कल्पना एकदम थोर वाटली. आम्ही करार लिहिला: गावाचं नाव, तारीख, मेंढरांची संख्या. सह्या केल्या. माझी सही ऐटदार आली, कारण आयुष्यातला तो माझा पहिला करार होता.

मग खरी माहिती आणायला त्याच्या गाडीवरून चुलत्यांकडे गेलो. घोडेगावच्या अलीकडे एका उतारावर कळप चरत होता. काका बाभळीखाली उभे होते.

मी वही काढली. "काका, मेंढरं किती आहेत?"

"हायेत की."

"म्हणजे किती?"

"ही काय, समोरच हायेत."

"शंभर?"

"आसतील."

"दीडशे?"

"आसतील."

"दोनशे?"

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "पावणं, तुमी बोली लावताय का काय?"

जोडीदारानं मला बाजूला घेतलं. "आमच्यात आकडा तोंडानं बोलत न्हाईत रे. दिष्ट लागती."

"कुणाची?"

"ऐकणाराची. म्हंजे तुझी."

खरं तर मला हे लगेच कळायला हवं होतं. घरी मीही तेच करत होतो. पण माझ्या फॉर्ममध्ये संख्येचा रकाना होता, रकान्यापुढं लाल फुली होती, आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढं जात नव्हता. तशी सोय मीच केली होती. म्हणून मी गुपचूप मोजायचं ठरवलं. बोटं मांडीवर ठेवून त्रेसष्टपर्यंत गेलो. तेवढ्यात दोन कोकरं आईच्या पोटाखालून पलीकडं निघाली आणि पहिल्या विसांतली काही परत आली.

"पावणं," काका म्हणाले, "बोटं का हालत्यात?"

"मुंग्या आल्यात."

"मंग वाईच चाला की."

मी चालायला लागलो. मेंढरंही चालायला लागली. मोजणी तिथंच संपली.

तेवढ्यात बांधावरून एक शेतकरी आला. काकांना रामराम करून म्हणाला, "माझं वावर मोकळं झालंय."

"किती हाये?"

"बारा गुंठं."

"तीन रात्री. पाणी?"

"हिरीला हाये."

"मंग बसवू. खालच्या आळीचं उरकलं की येतो."

"बरं," म्हणून तो गेला. तारीख नाही, संख्या नाही, सही नाही. मला त्याची कीव आली. त्या बिचाऱ्याला अजून ॲप मिळालं नव्हतं.

परत येताना जोडीदार गाडी चालवत होता आणि मी मागं लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून बसलो होतो. तो मान वळवून बराच वेळ काहीतरी सांगत होता. वारा होता, रस्त्याला खड्डे होते, आणि मी मनात ॲपचा लोगो काढत होतो. दोन शिंगं आणि मधे वायफायची खूण. अधूनमधून मी "हां, हां" म्हणत होतो. गाडीवर मागं बसलेला माणूस सगळ्यालाच हो म्हणतो. आमच्याकडं जमिनीचे आणि लग्नाचे महत्त्वाचे निर्णय असेच झालेले आहेत.

मी माझं ॲप पूर्ण केलं. लोगो चांगला झाला.

प्रॅक्टिकलच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले. त्यांचं स्वागत झालं, शाल झाली, नारळ झाला, मग सरस्वतीच्या फोटोसमोर दीपप्रज्वलन. ज्योत विझू नये म्हणून पंखे बंद केले होते. दिवस उन्हाळ्याचे. दोन भाषणं झाली आणि दोन्हींत तंत्रज्ञानाच्या झंझावाताचा उल्लेख होता. सगळे घामानं निथळत होते. ज्योत मात्र शेवटपर्यंत स्थिर राहिली.

मग परीक्षक सर एकेक प्रोजेक्ट बघू लागले. पहिल्या हॉस्पिटलमध्ये एक पेशंट होता. दुसऱ्या हॉस्पिटलमध्येही तोच पेशंट, तोच आजार आणि तोच रक्तगट. चौथ्या हॉस्पिटलात सरांनी त्याची चौकशी करणंच सोडून दिलं. आमच्यापाशी आले तेव्हा त्यांचे डोळे अर्धे मिटले होते.

"हॉस्पिटल का?"

"नाही सर. मेंढरं."

डोळे उघडले. "दाखवा."

मी शेतकरी झालो. गाव भरलं, तारीख भरली, संख्येत अंदाजानं शंभर टाकले, पाठव म्हटलं. लॅबच्या दुसऱ्या टोकाला जोडीदार धनगर होऊन बसला होता. त्यानं विनंती स्वीकारली. त्याच्याकडून उत्तर निघालं, माझ्याकडं आलं आणि माझ्या पडद्यावर मोठ्या हिरव्या अक्षरांत उमटलं: 'अभिनंदन! आपल्या वावरात अनडिफाइन्ड मेंढरं बसतील.'

सरांनी ते मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, "अनडिफाइन्ड म्हणजे साधारण किती?"

लॅब हसली. मॅडम खिडकीबाहेर पाहू लागल्या. ज्या पेशंटला बघून कुणी हसलं नव्हतं, त्याचे डॉक्टरसुद्धा हसले. मला अंतिम वर्ष डोळ्यांसमोरून जाताना दिसलं. ते हळूहळू जात होतं, म्हणून जास्त त्रास होत होता.

पलीकडून जोडीदार ओरडला, "अरे, आकडा काढून टाकलाय मी! रात्रीला किती गुंठं बसतंय ते टाकलंय! सांगितलं व्हतं की तुला!"

"कधी?"

"गाडीवर!"

"करार कुठाय?" सरांनी विचारलं. मी कागद दिला. त्यावर मेंढरांची संख्या होती आणि खाली दोघांच्या सह्या. सरांनी सह्या बघितल्या, विशेषतः माझी. "लिहिलंय एक आणि पाठवलंय दुसरंच. का?"

आता खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, "सर, मालक आकडा सांगत नाहीत. त्यानं ते ऐकलं आणि रकाना बदलला. मी ऐकलं नाही."

"आकडा सांगत नाहीत म्हणजे? लावा फोन."

जोडीदारानं काकांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळी लॅब गोळा झाली.

"नमस्कार," सर म्हणाले. "मी बहिःस्थ परीक्षक बोलतोय."

"कोण?"

"बहिःस्थ परीक्षक."

"वाऱ्याला हाये मी, नीट ऐकू येत न्हाई. काम काय हाये?"

"आपल्याकडं मेंढरं एकूण किती आहेत?"

काका म्हणाले, "तुमचं वावर किती हाये?"

सरांनी मॅडमकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं. त्यांचा आवाज जरा खाली आला. "वीस गुंठे. घोडेगावच्या रस्त्याला."

"काय व्हतं त्यात?"

"कांदा. काढलाय."

"पाणी?"

"विहीर आहे."

"पाच रात्री बसंल. खालच्या आळीचं उरकलं की येतो. नाव काय म्हणालात, भयस्त?"

"पाटी लावलीय बांधावर," सर घाईनं म्हणाले, आणि फोन बंद झाला.

कुणी हसलं नाही. सर खुर्चीवर बसले. मग मला म्हणाले, "त्यांनी संख्या सांगितली का?"

"नाही सर."

"माझं काही अडलं?"

"नाही सर."

"मग तुझ्या ॲपचं का अडतंय? तुला पाच मिनिटं देतो."

पाचातली चार मिनिटं मला ती ओळ शोधायला लागली. कुठलीही ओळ शोधायची वेळ येईल असा विचार करून मी तो कोड लिहिलेलाच नव्हता. जोडीदार मागं येऊन उभा राहिला. "खाली जा. अजून खाली. त्यो लोगोचा कोड हाये, किती लिहिलायस रे!" शेवटी सापडली. संख्येच्या जागी मी गुंठे घातले आणि फॉर्ममधली लाल फुली काढली. त्याच्या बाजूचं त्यानं आधीच केलेलं होतं. बारा गुंठे भरले आणि पाठवले. उत्तर आलं: 'अभिनंदन! आपलं वावर तीन रात्रींत बसेल.' काकांनी त्या शेतकऱ्याला हेच सांगितलं होतं, अभिनंदन सोडून.

सरांनी नवा करार लिहायला लावला. या वेळी लिहायच्या आधी जोडीदारानं प्रत्येक रकाना मोठ्यानं वाचला आणि मी प्रत्येक रकान्याला त्याच्या तोंडाकडं बघून हो म्हणालो. सह्या झाल्या. माझी या वेळी साधीच आली.

सरांनी मार्क भरले. ते किती होते हे इथं सांगत नाही. विषय निघाला. वडिलांना मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं की अंतिम वर्षाला जातोय. ते म्हणाले, "आता किती राहिले?" मी म्हणालो, "थोडे."

जाण्यापूर्वी सरांनी शेऱ्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'ग्रामीण भागातील पारंपरिक व्यवसायाला डिजिटल युगाशी जोडणारा, प्रत्यक्ष वापरास सज्ज असा स्तुत्य उपक्रम.' मॅडमनी तो शेरा वर्गात वाचून दाखवला आणि टाळ्या वाजवायला लावल्या. मग त्यांनी जोडीदाराला विचारलं की चुलते आता ॲप वापरायला कधी सुरुवात करतील.

काकांचा फोन बटणांचा आहे.